हाक, कान आणि एका तारखेची दोन लग्ने

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रोग्रॅमवर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञान शाखेतल्या एका मित्राने तर तोंडावरच विचारले, "तुझं रे काय अडलंय?" अडले होते ते असे : माझ्या हातून एक प्रोग्रॅम चुकला. त्या चुकीपायी एका घरात लग्नाच्या तोंडावर धावपळ उडाली आणि माझ्या मामांना अनोळखी माणसाच्या दारात हात जोडून उभे राहावे लागले. चूक नेमकी कुठे होती हे कळायला मला दोन महिने लागले. जे कळले ते येथे मांडतो आहे. विषयाचे इंग्रजी नाव मोठे भारदस्त आहे, 'कॉन्करन्ट प्रोग्रॅमिंगमधील इव्हेंट लिसनर व कॉलबॅक'. पण आतला मामला आपल्या रोजच्या व्यवहारातलाच आहे, हे वाचकांच्या लवकरच ध्यानात येईल.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. त्यामुळे कोणताही इंग्रजी शब्द मनात मराठीत उतरवल्याशिवाय मला घास गिळल्यासारखे वाटत नाही. माझ्या वहीत इव्हेंट म्हणजे हाक, लिसनर म्हणजे कान, आणि कॉलबॅक म्हणजे हाक कानी पडल्यावर करायचे काम. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र आहे. त्याने आपल्या वहीत 'कूगु' आणि 'किवि' असे लिहून ठेवले आहे. आम्हां दोघांचे भांडण झालेच तर ते भाषेवरून होत नाही, ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यावा की देऊ नये यावरून होते. असो.

आधी कॉलबॅक. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. आई मला जोंधळ्याचा डबा देऊन तिकडे पाठवते. रांगेत आधीच सात-आठ डबे असतात. आता माझ्यापुढे दोन वाटा उरतात. एक म्हणजे डब्याशेजारी उभे राहून दळण होईपर्यंत भिंतीवरचे कॅलेंडर वाचत बसायचे. दुसरी म्हणजे गिरणीवाल्या काकांजवळ माझा नंबर द्यायचा, 'झालं की मिस्ड कॉल द्या' म्हणायचे आणि तोवर भाजी आणायला जायचे. पहिल्या वाटेने पीठ मिळते, पण अर्धा तास फुकट जातो. दुसऱ्या वाटेने दळण चालू असतानाच माझी भाजीही होते. ही दुसरी वाट म्हणजे कॉलबॅक. काम दुसऱ्याकडे सोपवताना 'झाल्यावर हे कर' अशी सूचनाही त्याच्याजवळ देऊन ठेवायची. प्रोग्रॅममध्ये ही सूचना म्हणजे एक फंक्शन असते. ते लिहितो आपण, पण चालवतो दुसरा, आणि तेही त्याच्या सवडीने.

येथे एक बारीक गोष्ट आहे, ती पुढे फार उपयोगी पडणार आहे. मिस्ड कॉल आला म्हणजे दळण झाले, एवढेच कळते. मी भाजीबाजारातून गिरणीत पोचेपर्यंत माझा डबा तिथेच असेल, अशी हमी त्या कॉलमध्ये नसते.

आणि मध्येच लाईट गेली तर? काकांनी फक्त 'झालं' एवढेच कळवायचे ठरले असेल, तर मी संध्याकाळपर्यंत बाजारातच वाट पाहत राहीन. म्हणून वाईट बातमीही त्याच नंबरावर आली पाहिजे. नोड.जेएस या प्रणालीत यासाठी एक रीत पडून गेली आहे. कॉलबॅकला मिळणाऱ्या गोष्टींत पहिली जागा चुकीची, दुसरी उत्तराची. आधी 'काही बिघडले का?' हे पाहायचे, मगच पिठाच्या डब्याला हात लावायचा. नवशिके इथे हमखास फसतात, मीही फसलो. पुस्तकात शिकवलेले 'ट्राय' आणि 'कॅच' गिरणीच्या दारात लावून आपण निर्धास्त होतो. पण बिघाड होतो तेव्हा आपण दारात नसतोच, कधीच बाजारात निघून गेलेलो असतो. काम सोपवतानाची चूक त्या जाळीत सापडते, नंतर येणाऱ्या हाकेतली सापडत नाही.

आता लिसनर. कॉलेजची घंटा डोळ्यांसमोर आणा. शिपाईमामा घंटा देतात तेव्हा कोणत्या वर्गात काय व्हायचे आहे हे त्यांना ठाऊक नसते, असण्याची गरजही नसते. एका वर्गात सर पुस्तक मिटतात, दुसऱ्यात मॅडम हजेरी घ्यायला लागतात, कॅन्टीनवाला चहाचे आधण चढवतो. घंटा एक, कान अनेक. उद्या नवा वर्ग सुरू झाला तर त्याने आपला कान लावायचा. घंटेत काही फरक करावा लागत नाही. हाक देणारा आणि ऐकणारा यांची गाठ इतकी सैल ठेवता येते, म्हणून ही पद्धत लोकांना आवडली. गिरणीतला कॉलबॅक एकदाच वाजतो. घंटेला लावलेला कान मात्र आपण स्वतः काढून घेईपर्यंत लागलेलाच राहतो. त्याचा प्रताप पुढे सांगेन.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. वेबपानावरचे बटण दाबले की काहीतरी घडावे, एवढीच तेव्हा माफक अपेक्षा. बटण कधी दाबले जाईल हे कोणाला माहीत? म्हणून कान लावून बसणे हा तिचा स्वभावच झाला. इकडे सर्व्हर चालवणाऱ्यांची अडचण निराळी होती. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक स्वतंत्र धागा, म्हणजे थ्रेड, ठेवायचा तर हजारो गिऱ्हाइके आली की स्मरणशक्ती संपते. आणि त्या धाग्यांपैकी बहुतेक डब्याशेजारी उभे राहून भिंत बघत असतात. एकाच यंत्राने दहा हजार गिऱ्हाइके कशी सांभाळावीत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली मांडला होता. २००९ साली रायन डाल यांनी जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर काढून सर्व्हरवर आणली, तीच नोड.जेएस. तिथे तुमचा प्रोग्रॅम एकाच धाग्यावर चालतो. वाट पाहण्याची कामे बाहेर सोपवलेली असतात.

हा एक धागा म्हणजे ऑफिसच्या खिडकीवरचा एकच कारकून समजा. त्याच्यापुढे चिठ्ठ्यांची चळत आहे. वरची चिठ्ठी घेतो, पुरी करतो, मग पुढची. एक चिठ्ठी लिहिता लिहिता दुसरा कोणी मध्ये हात घालत नाही. एखाद्या चिठ्ठीला प्राचार्यांची सही लागली, तर ती आत पाठवून देतो आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. सही होऊन आली की ती पुन्हा चळतीच्या तळाशी लागते. कारकून चलाख असेल तर एकटा मोठी रांग संपवतो. मात्र त्याने एका चिठ्ठीवर वर्षभराच्या व्याजाची बेरीज करत बसू नये, नाहीतर सारी रांग खोळंबते. हा अनुभवही मी घेतला आहे, पण तो किरकोळ होता.

आता माझी गोष्ट. माझे एक मामा एका मंगल कार्यालयाची व्यवस्था पाहतात. पूर्वी सगळी बुकिंगे एका जाड वहीत असत, प्रत्येक तारखेला एक पान. २०२४ च्या पावसाळ्यात मामा म्हणाले, "तुला ते कम्प्युटरचं येतंय म्हणे. लोकांनी घरबसल्या तारीख बघून ॲडव्हान्स भरावा, असं काही करून दे की." मला आकाश ठेंगणे झाले. दीड महिन्यात प्रोग्रॅम तयार केला. गिऱ्हाईक तारीख निवडतो. प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो, रिकामी आहे का? 'आहे' अशी उत्तराची हाक आली की पैसे भरायचे पान उघडतो. गिऱ्हाईक मोबाईलवरून यूपीआयने पैसे भरतो. पैसे पोचल्याची हाक आली की तारीख त्याच्या नावे लिहितो आणि पावती धाडतो. घरी सर्वांना करून दाखवले. उत्तम चालले. चालणारच, दाखवताना गिऱ्हाईक एकच होते.

तुळशीचे लग्न झाले आणि बुकिंगची झुंबड उडाली. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका तारखेसाठी एकाच संध्याकाळी दोन कुटुंबे मोबाईल घेऊन बसली, एक खानापूरकडचे आणि एक शहरातलेच. पहिल्याने पाहिले, तारीख रिकामी. पैसे भरण्यात त्यांची चार मिनिटे गेली. त्या चार मिनिटांत दुसऱ्याने पाहिले, तारीख रिकामीच. कारण अजून कोणाचेच नाव लिहिलेले नव्हते. दोघांचे पैसे पोचले. दोन हाका आल्या, माझ्या प्रोग्रॅमने दोन्ही इमानेइतबारे ऐकल्या आणि एका तारखेपुढे दोन नावे लिहून दोन पावत्या पाठवल्या.

हे उघडकीला आले तीन आठवड्यांनी, खानापूरकडचे यजमान मांडवाचे माप घ्यायला आले तेव्हा. तोवर दोन्ही घरच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मामा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, वहीत असं कधी झालं नव्हतं. बरं ते जाऊ दे, खरं आता दोन नवऱ्यांना एका बोहल्यावर कसं बसवू ते सांग." शहरातल्या कुटुंबाकडे मामा गेले, बरोबर मलाही नेले. मुलीच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. आत जाऊन पत्रिकांचा गठ्ठा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यावर कार्यालयाचे नाव सोनेरी अक्षरांत होते. मला वर बघवेना. पुढे दुसरे कार्यालय मिळाले, भाड्यातला फरक मामांनी पदरचा भरला, पत्रिकांवर नव्या पत्त्याची पट्टी चिकटवण्याचे काम आम्ही दोन मित्रांनी दोन रात्री बसून केले. तो मित्र म्हणजे वर सांगितलेला कन्नड विभागातला.

पट्ट्या चिकटवता चिकटवता मी त्याच्यापाशी कुरकुरत होतो. "अरे, नोडमध्ये एकच धागा असतो. एका वेळी एकच काम. मग दोघे एकदम आत शिरले कसे?" तो म्हणाला, "एकदम शिरलेच नाहीत. एकामागून एकच शिरले. तूच दोघांना वेगवेगळ्या वेळी हो म्हणालास." मग त्याने खिडकीवरच्या कारकुनाचे उदाहरण दिले. वर्गात एक जागा शिल्लक आहे. कारकून माझा अर्ज पाहतो, जागा आहे म्हणतो, सहीला आत पाठवतो. पुढचा अर्ज घेतो, जागा आहेच म्हणतो, तोही सहीला पाठवतो. प्रत्येक चिठ्ठी त्याने चोख लिहिली. कोणी मध्ये हात घातला नाही. तरी जागा एक आणि प्रवेश दोन. एकच धागा असल्याचा फायदा एवढाच, की एक कॉलबॅक सुरू झाला की संपेपर्यंत दुसरा मध्ये येत नाही. दोन कॉलबॅकांच्या मधल्या वेळेबद्दल त्याने कसलाही शब्द दिलेला नाही.

मामांच्या 'वहीत असं कधी झालं नव्हतं' या वाक्यात सारे तंत्र होते, हे मला तेव्हा उमगले. वहीत का होत नव्हते? गिऱ्हाईक समोर उभे असे. मामा पान उघडत, कोरे दिसले की त्याच क्षणी, पेन न उचलता, नाव लिहीत. पैशाचे नंतर बघत. पाहणे आणि लिहिणे ही एकच क्रिया होती. मी ती दोन तुकड्यांत मोडली आणि त्यांच्या मध्ये चार मिनिटांची फट ठेवली. वाट पाहण्याआधी जे पाहिले ते वाट पाहून झाल्यावर खरे असेलच असे नाही. ते शिळे वर्तमानपत्र असते.

मी पहिली डागडुजी केली ती अशी : नाव लिहिण्याच्या अगदी आधी पुन्हा एकदा विचारायचे, तारीख अजून रिकामी आहे ना? मित्राने मान हलवली. त्याने दोन मागण्या एकाच वेळी धाडणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो पुन्हा पुन्हा चालवला. बहुतेक वेळा बरोबर उत्तर आले. पण काही वेळा दोन नावे लागलीच. कारण डेटाबेसला विचारणे हेसुद्धा काम सोपवणेच आहे. 'रिकामी आहे' हे उत्तर यायला वेळ लागतो, 'लिही' ही सूचना पोचायलाही लागतो. फट चार मिनिटांची होती, ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागांवर आली; बुजली नाही. अशी चूक जास्त वाईट, कारण ती महिनोनमहिने दिसत नाही आणि दिसते ती ऐन लग्नसराईत.

पुन्हा तपासण्याच्या या उपायाची एक मोठी कथा मला नंतर वाचायला मिळाली. वाणिज्य शाखेच्या वाचकांना ती रुचेल. फेसबुकचे शेअर बाजारात आले तो दिवस १८ मे २०१२. विक्रीचा भाव ठरला होता ३८ डॉलर. अमेरिकेतल्या नॅस्डॅक या शेअरबाजारात नवा शेअर उघडताना आधी जमलेल्या खरेदी-विक्रीच्या सगळ्या ऑर्डरी एकत्र मांडून एकच उघडता भाव काढतात. संगणकाला या हिशेबासाठी सेकंदाचा अगदी लहान अंश लागतो; परंतु तेवढ्यातही कोणी आपली ऑर्डर रद्द करू शकतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये अशी सोय होती, की हिशेब संपला की पाहायचे, दरम्यान कोणी ऑर्डर रद्द केली का? केली असल्यास हिशेब पुन्हा मांडायचा. वाचताना मला वाटले, किती शहाणपणाची सोय! माझ्या पहिल्या डागडुजीची ही थोरली बहीणच.

पण त्या दिवशी ऑर्डरींचा ढीग एवढा होता, की हिशेबाला नेहमीहून अधिक वेळ लागू लागला, आणि तो संपतो न संपतो तोच नवी रद्द करण्याची सूचना येऊन बसलेली असे. पुन्हा हिशेब, पुन्हा नवी सूचना. प्रोग्रॅम बिघडला नव्हता. तो सांगितले तेच करत होता, फक्त त्याला बाहेर पडायची वाट ठेवलेली नव्हती. सकाळी अकराच्या सुमारास सुरू व्हायचा व्यवहार रखडला. अखेर ती तपासणीच वगळून साडेअकराला बाजार उघडला. त्याने गाडे हलले, पण मधल्या मिनिटांत आलेल्या तीस हजारांहून अधिक ऑर्डरी यंत्रणेत अडकून पडल्या, दोन तासांहून जास्त काळ. आपला शेअर घेतला गेला की नाही, हेच कित्येक दलालांना कळेना. दुपारचे दोन वाजत आले तेव्हा कुठे सौद्यांचे निरोप मिळाले. पुढे मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने या प्रकरणी नॅस्डॅकला एक कोटी डॉलरचा दंड केला. बघितले नाही तर चूक, बघतच राहिले तर अडकणे, आणि बघणे काढून टाकले तर आलेल्या हाका हरवणे! एवढ्या मोठ्या बाजाराची ही गत, मग माझ्या कार्यालयाचे काय? या विचाराने मला थोडा धीर आला हे कबूल करतो, जरी त्याने पत्रिकांचा तो गठ्ठा हलका झाला नाही.

खरा उपाय जुनाच आहे. सामाईक गोष्टीला एका वेळी एकानेच हात लावायचा, हा प्रश्न डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ सालीच मांडून सोडवला होता. माझ्यापुरता तो असा : डेटाबेसलाच नियम घालून द्यायचा, की एका तारखेची ओळ एकच असेल. मग 'रिकामी आहे का?' असे विचारायचेच नाही. थेट 'माझे नाव लिही' म्हणायचे. पहिल्याचे लिहिले जाईल. दुसऱ्याला नकाराची हाक येईल, आणि ती चुकीच्या त्या पहिल्या जागी येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान कोरे आहे का हे बघत बसण्याऐवजी पानच फाडून घेण्यासारखे हे आहे. ज्याच्या हातात पान आले, तारीख त्याची. फाडताना पाहणे आपोआप होते.

पण मग पैसे भरण्याच्या चार मिनिटांचे काय? तारीख आधी 'राखीव' म्हणून लिहायची, पैसे पोचल्यावर 'पक्की' करायची. राखीव ठेवायची मुदत दहा मिनिटे. मुदत संपली की तारीख पुन्हा मोकळी, नाहीतर कोणी तारीख अडवून जेवायला जाईल. आता अकराव्या मिनिटाला पैसे पोचल्याची हाक आली तर? तोवर तारीख दुसऱ्याने घेतली असेल तर पैसे परत पाठवायचे आणि तसा निरोप द्यायचा. हा कोपरा मला सुचला नव्हता, मामांना सुचला. चेक उशिरा वटला की काय करायचे, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते.

आणखी एक खाच आहे. पैसे पोचल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून माझ्या सर्व्हरला येतो. माझ्याकडून पोच मिळाली नाही तर गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. त्याचे बरोबरच आहे. निरोप हरवण्यापेक्षा दोनदा आलेला बरा. पण माझा प्रोग्रॅम दोनदा जमा धरू लागला. येथे मात्र बी. कॉम. कामी आले. एक व्हाउचर खतावणीत दोनदा चढले तर ताळा बसत नाही, म्हणून व्हाउचरला नंबर असतो. मीही प्रत्येक व्यवहाराचा नंबर टिपून ठेवला; तो नंबर पूर्वी आलेला असेल तर पोच द्यायची आणि गप्प बसायचे.

कान काढायला विसरल्याचा प्रताप सांगायचा राहिला. मामांच्या संगणकावर नवे बुकिंग आले की 'टिंग' वाजावे, असे केले होते. मामा दिवसातून अनेकदा यादीचे दालन उघडत, आणि दरवेळी माझा प्रोग्रॅम घंटेला नवा कान लावी. जुना तसाच राही. संध्याकाळी एक बुकिंग आले आणि टिंग वाजले नऊदा. मामा आनंदाने धावत आले, "नऊ लग्नं रे!" ब्राउझरमध्ये तेच फंक्शन पुन्हा लावले तर ते दुसऱ्यांदा धरले जात नाही, पण मी दरवेळी बिननावाचे नवे फंक्शन लिहून देत होतो, आणि संगणकाच्या लेखी ती नऊ वेगळी माणसे होती. काढायचे म्हटले तरी नाव नसलेल्याला हाक कशी मारणार? म्हणून कानाला नाव ठेवावे, म्हणजे तो काढता येतो. नोडमध्ये एका हाकेला दहाहून अधिक कान लागले तर यंत्र स्वतःच इशारा देते. पण तिथे तेच फंक्शन दोनदा लावले तर दोनदा चालते. एकाच भाषेच्या दोन घरांत असे दोन रिवाज!

हल्ली कॉलबॅकच्या आत कॉलबॅक लिहायची पाळी फारशी येत नाही. २०१५ साली भाषेत 'प्रॉमिस' आले, २०१७ साली 'असिंक' आणि 'अवेट' आले. आता प्रोग्रॅम सरळ गद्यासारखा वाचता येतो, एका ओळीखाली दुसरी ओळ. सोय मोठी आहे, पण मला तिची थोडी भीती वाटते. पूर्वी फट डोळ्यांना दिसे, कारण तिथे नवे फंक्शन सुरू होई. आता ती 'अवेट' या एका शब्दात दडते आणि वरची ओळ व खालची ओळ सख्ख्या शेजारणी वाटतात. मध्ये चार मिनिटे गेलेली असू शकतात. म्हणून मी प्रोग्रॅम कागदावर उतरवून घेतो आणि जिथे 'अवेट' असेल तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारतो. रेघेच्या वर जे जे पाहिले, त्यातले काय मी रेघेखाली खरे धरून चाललो आहे? असे जे सापडेल त्याखाली लाल खूण करतो. मूळ प्रोग्रॅमवर अशा सात लाल खुणा निघाल्या. तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

नवी व्यवस्था २०२५ च्या लग्नसराईत पहिल्यांदा कसोटीला लागली. तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यातच एका तारखेवर पुन्हा दोघे काही सेकंदांच्या अंतराने आले. एकाला तारीख मिळाली. दुसऱ्याला निरोप गेला, 'ही तारीख आत्ताच दुसऱ्यांनी घेतली आहे.' ते गृहस्थ फोन करून मामांना पुष्कळ बोलले. मामांनी ऐकून घेतले आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून हसले. मग म्हणाले, "खरं एक राहिलं बघ. सकाळचं लग्न एकाचं आणि संध्याकाळचं रिसेप्शन दुसऱ्याचं, असं पण आपण देतो की. वहीत पानाच्या मधोमध रेघ मारत होतो मी." माझा नियम एका तारखेला एकच ओळ देतो. या रविवारी तो बदलायला बसायचे आहे.